फनी व्हॅलेंटाइन: ‘स्टील बॉल रन’मधल्या देशभक्त खलनायकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून ठेवतो: खाली कथेचा शेवट, कोण मरतं, कोण जिंकतं, सगळं उघड केलेलं आहे. मांगा (म्हणजे ही जपानी चित्रकथा) वाचायची बाकी असेल तर पहिले दोन प्रश्न वाचा आणि थेट शेवटच्या प्रश्नावर जा.

फनी व्हॅलेंटाइन म्हणजे नेमका कोण?

हिरोहिको अराकी यांच्या ‘जोजोज बिझार अ‍ॅडव्हेंचर’ या लांबलचक मांगा मालिकेचा सातवा भाग म्हणजे ‘स्टील बॉल रन’. तो २००४ मध्ये ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू झाला, २००५ मध्ये ‘अल्ट्रा जंप’ या मासिकात गेला आणि २०११ मध्ये संपला. एकूण २४ खंड. कथा १८९० सालच्या अमेरिकेत घडते. सॅन दिएगोच्या किनाऱ्यावरून निघून न्यूयॉर्कला पोहोचायचं, अशी सुमारे सहा हजार किलोमीटरची घोड्यांची शर्यत आहे आणि पहिलं बक्षीस पाच कोटी डॉलरचं. शर्यत भरवणारा म्हणून स्टीव्हन स्टीलचं नाव पुढे आहे, पण पडद्याआडून दोऱ्या हलवतो तो अमेरिकेचा तेविसावा राष्ट्राध्यक्ष. तोच हा फनी व्हॅलेंटाइन.

नाव ऐकून हसू येतं, ते स्वाभाविक आहे. जोजोमधली बहुतेक नावं पाश्चात्त्य गाण्यांवरून आणि बँडवरून उचललेली असतात. याचं नाव १९३७ सालच्या एका प्रेमगीतावरून आलंय आणि याच्या अलौकिक शक्तीचं नाव, ‘डर्टी डीड्स डन डर्ट चीप’, हे एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन बँडच्या १९७६ च्या अल्बमवरून. इंग्रजी आद्याक्षरांवरून, चार डी आणि एक सी, चाहते त्याला ‘डीफोरसी’ म्हणतात. मीही पुढे तेच म्हणेन.

असा राष्ट्राध्यक्ष खरंच होता का?

नाही. खऱ्या इतिहासात तेविसावे राष्ट्राध्यक्ष होते बेंजामिन हॅरिसन, कार्यकाळ १८८९ ते १८९३. अराकींनी त्यांना अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि त्या खुर्चीत आपलं पात्र बसवलं. दोघांची तुलना करायला मजा येते. हॅरिसन १८८८ ची निवडणूक जिंकले खरे, पण देशभरातली एकूण मतं त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला जास्त होती. व्हॅलेंटाइन मात्र लोकांचा प्रचंड लाडका आहे. हॅरिसन यांच्या काळात शाळांवर राष्ट्रध्वज लावण्याची टूम निघाली आणि १८९२ मध्ये शाळकरी पोरं पहिल्यांदा ध्वजाला निष्ठेची शपथ वाहू लागली. व्हॅलेंटाइन तर हाच ध्वज हत्यार म्हणून वापरतो, आणि त्याच्या पाठीवरच्या जखमांच्या वणांचा आकारसुद्धा अमेरिकेच्या झेंड्यासारखा आहे.

काळाची निवड अराकींनी विचार करूनच केली असणार. १८९० च्या जनगणनेनंतर सरकारने सांगून टाकलं की पश्चिमेकडे सरकत जाणारी वस्तीची सीमारेषा आता उरली नाही. रेल्वे १८६९ मध्येच दोन्ही किनारे जोडून बसली होती. जमीन संपली, आता पुढे काय मिळवायचं, हा प्रश्न पडलेल्या देशाचा हा राष्ट्राध्यक्ष आहे.

त्याला हवंय तरी काय?

एक प्रेत. अमेरिकेच्या भूमीवर एका संताच्या देहाचे अवयव विखुरलेले आहेत. हा संत म्हणजे येशू ख्रिस्त, असं कथा उघड नाव न घेता पुरेसं सुचवते. शर्यतीचा मार्ग या अवयवांच्या ठिकाणांवरून जाईल असाच आखलेला आहे. स्पर्धकांनी ते शोधायचे आणि राष्ट्राध्यक्षाच्या माणसांनी ते त्यांच्याकडून हिसकावून घ्यायचे, असा हा बेत.

देह पूर्ण जुळला की तो ज्या भूमीवर असेल तिथे सौभाग्य नांदेल. पैसा, सत्ता, अमरत्व यातलं काहीही व्हॅलेंटाइन स्वतःसाठी मागत नाही. त्याला अमेरिका कायमची सुखी करायची आहे. यात एक अट मात्र आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

डीफोरसी ही शक्ती कशी चालते?

दोन वस्तूंच्या मध्ये सापडलं की व्हॅलेंटाइन समांतर जगात जातो. दार आणि भिंत, झेंडा आणि जमीन, काहीही चालतं. झेंडा अंगावर ओढला, जमिनीवर पडला, की गायब. परत येतो तेव्हा लाडिकपणे ‘दोज्याऽऽन’ असा काहीसा आवाज काढतो. देशाचा प्रमुख आहे, पण जादूगाराची हौस भागलेली नाही.

नियम थोडक्यात असे. तो इतरांनाही समांतर जगात नेऊ आणि आणू शकतो. एकाच माणसाची दोन जगांतली रूपं एकमेकांजवळ आली की दोन्ही नष्ट होतात, व्हॅलेंटाइन स्वतः याला अपवाद. म्हणून शत्रूला मारायचा त्याचा आवडता मार्ग म्हणजे त्याला त्याच्याच प्रतिरूपासमोर आणून उभं करणं. आणि संताचा देह फक्त एकाच जगात आहे, आपल्या कथेच्या मूळ जगात.

एक तपशील वाचताना सहज निसटतो. व्हॅलेंटाइन मरणाच्या दारात असला की दुसऱ्या जगातल्या व्हॅलेंटाइनला बोलावतो, शक्ती आणि काम त्याच्या हवाली करतो आणि मरतो. नवा व्हॅलेंटाइन एक शब्दही न विचारता काम पुढे चालू ठेवतो. माणूस बदलला तरी पदाचं काम थांबत नाही! त्याच्या स्वभावाबद्दल एवढं सांगणारी दुसरी गोष्ट कथेत नाही. स्वतःच्या जिवाचीही त्याला विशेष किंमत नाही.

मग त्याची देशभक्ती खरी म्हणायची की मुखवटा?

खरी. मला यात काडीचीही शंका नाही, आणि मला वाटतं या पात्राबद्दलची निम्मी भांडणं इथेच चुकीच्या वाटेला लागतात. लोकांना वाटतं की खलनायक ठरवायचा तर आधी त्याला ढोंगी ठरवावं लागेल. देशाचं नाव घेऊन खिसे भरणारे पुढारी पाहायची आपल्याला इतकी सवय आहे की देशभक्त खलनायक दिसला की आपण त्याचे छुपे खिसे चाचपू लागतो. व्हॅलेंटाइनच्या खिशात काही सापडत नाही. आपल्या मनात आणि कृतीत तसूभरही डाग नाही, जे केलं ते सगळं न्यायाचं होतं, असं तो म्हणतो तेव्हा तो ते मनापासून म्हणतो. मरेपर्यंत त्याचा त्यावर विश्वास असतो.

तो वागायलाही सभ्य आहे. आवाज चढवत नाही. शत्रूला आपली बाजू नीट समजावून सांगतो, जणू समोरचा पटवण्याजोगा नागरिक आहे. मारण्यात त्याला मजा येते असं कुठेच दिसत नाही. कामात अडथळा आला, अडथळा दूर केला, पुढे निघाला. त्याचा निर्दयपणा हा रागाचा नाही, कारभाराचा आहे. फाइल पुढे सरकवावी तसा तो माणूस मारतो.

तेव्हा त्याला तपासायचं तर त्याचं मन खोटं होतं का, हे विचारून भागणार नाही. त्याने देशासाठी जे द्यायचं ठरवलं ते कोणाच्या ताटातून उचललं, हे विचारावं लागेल.

तो रुमाल काय भानगड आहे?

व्हॅलेंटाइनचे वडील सैनिक होते. ते शत्रूच्या हाती सापडले आणि त्यांचे अतोनात हाल झाले, एक डोळाही काढला गेला. तरी त्यांनी सोबत्यांबद्दल तोंड उघडलं नाही. त्यांच्याजवळ मुलाच्या जन्माची तारीख असलेला एक रुमाल होता, २० सप्टेंबर १८४७. तो शत्रूच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी डोळ्याच्या रिकाम्या खोबणीत लपवला. ते मेले, आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने तो रुमाल आणून लहान मुलाच्या हाती दिला. पुढे हाच सहकारी त्याचा सावत्र बाप झाला.

लहान व्हॅलेंटाइनने यातून देशभक्ती शिकली. प्रसंग अराकींनी अतिशय मनापासून रंगवलाय, थट्टेचा सूर कुठेही नाही. वाचताना घशाशी येतं.

पण बारकाईने बघा. बापाने आपलं शरीर दिलं. डोळा त्याचा गेला, जीव त्याचा गेला. सोबत्यांना वाचवण्यासाठी त्याने आपल्या देहाचा खिसा केला. मुलाने त्यातला ‘देशासाठी देह द्यावा लागतो’ एवढाच भाग उचलला आणि कोणाचा देह, ही गोष्ट राहून गेली. पुढे आयुष्यभर तो इतरांचे देह देत राहिला: हस्तकांचे, स्पर्धकांचे, दुसऱ्या जगांतल्या अनोळखी लोकांचे. रुमाल तोच आहे, पण तो आता दुसऱ्यांच्या डोळ्यांत खुपसला जातोय.

नॅपकिनचं भाषण इतकं गाजलं कशामुळे?

कारण ते सत्तेबद्दलचं फार हुशार भाषण आहे आणि त्यात एक लबाडीही आहे.

मुद्दा असा. गोल टेबलाभोवती लोक बसलेत. प्रत्येक दोन ताटांच्या मध्ये एक नॅपकिन आहे. आपला कोणता, डावीकडचा की उजवीकडचा? कुणीतरी एकाने पहिला नॅपकिन उचलला, समजा डावीकडचा, की बाकी सगळ्यांना डावीकडचाच घ्यावा लागतो. दुसरा मार्गच उरत नाही. जग असंच चालतं, असं व्हॅलेंटाइनचं म्हणणं: पहिला नॅपकिन उचलणारा नियम ठरवतो. आणि ज्याला इतरांचा मान आहे, तोच तो उचलू शकतो. देह मिळाला म्हणजे अमेरिकेने जगाचा पहिला नॅपकिन उचलला.

आता आपली पंगत डोळ्यांपुढे आणा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये भात. प्रत्येकाचं पान आखलेलं आणि यजमानाने सावकाश होऊ द्या म्हटल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. तिथे ‘पहिला कोण’ ही भानगडच नाही, कारण नियम आधीपासून सगळ्यांचा आहे. (पंगतीत कोण बसायचं आणि कोण नाही, हाही नियम ‘सगळ्यांचा’ म्हणूनच सांगितला जायचा, ते वेगळं.) व्हॅलेंटाइनच्या उदाहरणात टेबल गोल ठेवलंय, ताटं सारखी ठेवलीत, नॅपकिन मुद्दाम मध्ये ठेवलेत. असं टेबल मांडलं कोणी? जो मांडणी करतो त्याच्याबद्दल भाषणात चकार शब्द नाही. कोणीतरी उचलणारच आहे तर मीच का नको, इतपतच त्याचा विचार जातो.

आणि मुख्य गोष्ट, डावा नॅपकिन घेतला तरी प्रत्येकाला एकेक मिळतोच! उदाहरणात कोणीही उपाशी उठत नाही. प्रत्यक्षात त्याच्या योजनेत जगातल्या निम्म्या ताटांतलं अन्न काढून एका ताटात वाढायचं आहे. भाषण ऐकताना हे लक्षात येत नाही, यातच त्याचं वक्तृत्व.

देशाच्या भल्यासाठीच तर करत होता, मग चुकलं कुठे?

वर म्हटलेली अट इथे येते. देह जुळल्यावर डीफोरसीला नवं रूप मिळतं, ‘लव्ह ट्रेन’. व्हॅलेंटाइनभोवती प्रकाशाची एक भिंत उभी राहते. तिच्या आत कुठलीही इजा पोहोचत नाही. पण ती इजा विरघळूनही जात नाही. ती पृथ्वीवर दुसरीकडे कुठेतरी, कोणा तरी अनोळखी माणसावर जाऊन आदळते. कथेचा नायक जॉनी याने झाडलेला वार व्हॅलेंटाइनला लागत नाही, दूरच्या कुठल्या देशात एखादा माणूस त्याने मरतो.

म्हणजे सौभाग्य निर्माण होत नाही, दुर्भाग्याचा पत्ता बदलतो. हे इतकं नेमकं रूपक आहे की मला अराकींचा हेवा वाटतो. राजकारणाचं एक अख्खं शास्त्र त्यांनी एका मारामारीत बसवलं.

व्हॅलेंटाइनला हे ठाऊक आहे. तो लपवतही नाही. कुठेतरी कोणालातरी सोसावंच लागतं, ते माझ्या लोकांनी सोसू नये, हे माझं काम, असा त्याचा पवित्रा. अमेरिकन वाचकाला यावर ‘बरोबर आहे की’ म्हणायचा मोह होऊ शकतो. आपण कुठे उभे आहोत ते मात्र विसरू नये. १८९० मध्ये आपले खापरपणजोबा त्या भिंतीच्या बाहेर होते.

तो ज्या देशावर प्रेम करतो तो देश कोणता?

हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम घातलाय.

डीफोरसीच्या नियमांनुसार अगणित जगं आहेत, म्हणजे अगणित अमेरिकाही आहेत. प्रत्येकीत नागरिक आहेत, झेंडा आहे, आईबाप आहेत. व्हॅलेंटाइन त्या सगळ्या अमेरिकांमधून माणसं ओढून आणतो आणि मूळ जगात ढाल किंवा काडतूस म्हणून वापरतो. तीही अमेरिकन माणसंच! देह जिथे आहे तीच एक अमेरिका त्याच्या लेखी खरी. मग त्याचं प्रेम भूमीवर, की लोकांवर, की त्या बक्षिसावर?

त्या एका अमेरिकेतही सगळे मोजले जात नाहीत. सँडमन आठवतो? मूलनिवासी तरुण, घोड्याशिवाय पायी पळत शर्यतीत उतरलेला. आपल्या लोकांची जमीन पैसे देऊन परत घ्यायची, एवढंच त्याचं स्वप्न. पुढे तो त्याच पैशासाठी राष्ट्राध्यक्षाच्या बाजूने लढतो आणि जॉनीच्या हातून मरतो. ज्याने जमीन हिरावली त्याच्याकडूनच मोल घेऊन ती विकत घ्यायची, आणि तेवढंही साधत नाही. खऱ्या इतिहासात, त्याच १८९० च्या २९ डिसेंबरला, वूंडेड नी इथे अमेरिकन सैन्याने लाकोटा या मूलनिवासी लोकांची कत्तल केली. मांगात तिचा प्रसंग नाही. पण कथेतली शर्यत त्या दिवसांतच न्यूयॉर्ककडे धावत असते, हे कळल्यावर सँडमनची पानं वेगळी वाचली जातात.

ल्यूसी स्टीलच्या बाबतीत तो कसा वागतो?

वाईट. आणि याने त्याच्या ‘डाग नाही’ला सरळसरळ तडा जातो. ल्यूसी ही स्टीव्हन स्टीलची पत्नी, वयाने अगदी लहान. नवऱ्याला वाचवण्यासाठी ती राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीचा वेश घेऊन त्याच्या घरात शिरते. व्हॅलेंटाइन तिला ओळखल्यावरही तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो. यात देशहित शोधून सापडत नाही. त्याचे चाहते या प्रसंगावर पटकन पान उलटतात. मी म्हणेन की हा प्रसंग पात्राशी विसंगत नाही. जो माणूस इतरांची शरीरं ही देशाची मालमत्ता समजतो, तो एक दिवस स्वतःलाच देश समजू लागतो.

आणि अराकींनी शेवटचा घाव कोणाच्या हाती दिला ते पाहा. व्हॅलेंटाइनच्या मृत्यूनंतर त्याने आणलेला दुसऱ्या जगातला डिएगो (शर्यतीतला एक स्पर्धक) जॉनीला हरवतो, देह घेऊन पळतो, आणि त्याला संपवते ती ल्यूसी. मूळ जगातल्या डिएगोचं डोकं त्याच्यासमोर आणून. डीफोरसीचाच नियम, एका मुलीने वापरलेला.

शेवटी त्याने रुमालाची शपथ घेतली ती खोटी होती का?

चाहत्यांत यावरून अजून वाद होतात. प्रसंग असा: जॉनीच्या अनंत फिरकीत, म्हणजे कधीच न थांबणाऱ्या गरगरत्या वारात, व्हॅलेंटाइन अडकलाय, कुठल्याही जगात पळाला तरी सुटका नाही. तेव्हा तो सौदा मांडतो. फिरकी थांबव, मी तुझा मेलेला मित्र जायरो दुसऱ्या जगातून आणून देतो, आणि सूड घेणार नाही. शपथ वडिलांच्या रुमालाची.

जॉनी खरोखर डळमळतो. जायरो परत मिळत असेल तर कोण नाही डळमळणार? मग तो परीक्षा घेतो. एक पिस्तूल व्हॅलेंटाइनपुढे टाकतो आणि उचलायला सांगतो. व्हॅलेंटाइनजवळ दुसऱ्या जगातलं तेच पिस्तूल लपवलेलं असेल, तर दोन्ही जवळ येऊन नष्ट होतील. व्हॅलेंटाइन ते उचलत नाही. पाठीमागे लपवलेलं बाहेर काढतो. तिथे त्याचा खेळ संपतो.

काही जण म्हणतात, जायरोला आणण्याचा शब्द त्याने पाळलाही असता, पिस्तूल फक्त खबरदारी म्हणून होतं. असेलही. पण सूड घेणार नाही ही शपथ, तीही बापाच्या रुमालावर, आणि पाठीला भरलेलं पिस्तूल, हे दोन्ही एकत्र बसत नाही. माझ्या मते त्या क्षणी त्याला आपण खोटं बोलतोय असं वाटलंही नसेल. देशासाठी घेतलेली शपथ देशासाठी मोडता येते, असा त्याचा हिशेब. जो रुमाल बापाने डोळ्याच्या खोबणीत लपवून जपला, तो रुमाल मुलाने सौदा पटवायला काढला, एवढं मात्र खरं.

मग खरा खलनायक जॉनीच, असं काही लोक म्हणतात ते बरोबर आहे का?

हा प्रश्न अराकींनीच पेरलाय, त्यामुळे विचारणाऱ्यांना हसू नये. जॉनी जोस्टार हा कंबरेखाली अधू झालेला माजी जॉकी. त्याला पुन्हा चालायचंय. जगाचं भलं वगैरे त्याच्या डोक्यात नाही. उणे असलेलं आयुष्य शून्यावर आणायचं, एवढीच धडपड. समोर एक माणूस अख्ख्या राष्ट्रासाठी लढतोय आणि हा स्वतःच्या पायांसाठी. लढता लढता जॉनीलाही वाटून जातं की कदाचित बरोबर तो आहे आणि वाईट मी.

मला जॉनी पटतो तो याच कारणाने. त्याची मागणी लहान आहे, आणि ती कोणाच्या तरी दूरच्या दुःखावर उभी नाही. तो संत नाही. माणसं मारतो, हावरेपणाही करतो. पण आपण न्याय करतोय असा दावा करत नाही. निःस्वार्थ माणूस नेहमी स्वार्थी माणसापेक्षा कमी घातक असतो असं आपण गृहीत धरतो. ‘स्टील बॉल रन’ वाचून ते गृहीतक पुन्हा तपासावंसं वाटतं.

जायरोचाही एक धागा इथे जोडता येईल. नेपल्सचा हा जल्लाद एका निरपराध मुलाला माफी मिळवून देण्यासाठी शर्यतीत आलाय. एका मुलासाठी! शेवटी मुलाची सुटका होते, आणि नंतर तो साध्या सर्दीने मरतो. अराकी असे आहेत.

जोजोमधल्या इतर खलनायकांपेक्षा तो वेगळा कसा?

डिओला जग पायाशी हवं असतं. किराला शांत आयुष्य हवं असतं, मधूनमधून खून करता आले म्हणजे झालं. डियाव्होलोला स्वतःची ओळख पुसायची असते. हे तिघे स्वतःपुरते. सहाव्या भागातला पुच्ची हा व्हॅलेंटाइनचा खरा पूर्वज म्हणायला हवा: तोही प्रामाणिक, तोही मानवजातीच्या भल्याचं बोलणारा. फरक असा की पुच्ची धर्मोपदेशक आहे, तो नियतीचं बोलतो. व्हॅलेंटाइन निवडून आलेला आहे, तो लोकांच्या वतीने बोलतो. दुसरं मला जास्त भीतीदायक वाटतं.

इतर मांगांत असे देशभक्त खलनायक आहेत का?

आहेत. ‘नारुतो’मधला डान्झो गावाच्या रक्षणाच्या नावाखाली पोरांना भावनाशून्य हत्यारं बनवतो, पण त्याला गावप्रमुखाच्या खुर्चीची हावही आहे, त्यामुळे तो थोडा सोपा. ‘गोल्डन कामुय’मधला लेफ्टनंट त्सुरुमी मात्र व्हॅलेंटाइनच्या तोडीचा आहे. रशिया-जपान युद्धातून परतलेला, सैनिकांवर पोटच्या पोरांसारखी माया करणारा आणि तीच माया लगाम म्हणून वापरणारा. त्याच्या बाबतीत शेवटपर्यंत कळत नाही की आत काय आहे. व्हॅलेंटाइनचं सगळं उघड्यावर. दोन्ही एकामागोमाग वाचा, जमलं तर.

सुरुवातीला तो बुटका आणि जाडा, नंतर उंच आणि पिळदार. काही कारण?

कथेत कारण दिलेलं नाही. पहिल्यांदा दिसतो तो गोल चेहऱ्याचा, ठेंगणा, जरा विनोदी पुढारी. पुढे हळूहळू लांब कुरळे केस, रुंद खांदे. अराकींची पात्रं मालिकाभर अशी बदलतातच, याचं फक्त जास्त डोळ्यांत भरतं. प्रेताच्या अवयवांचा प्रभाव वगैरे उपपत्ती चाहत्यांनी रचल्यात, त्या चहाबरोबर चघळायला ठीक.

आधीचे सहा भाग न वाचता थेट ‘स्टील बॉल रन’पासून सुरुवात केली तर चालेल?

चालेल. सातव्या भागापासून अराकींनी नवं विश्व सुरू केलं, जुन्या कथेची माहिती लागत नाही. सुरुवातीला तर मालिकेच्या नावात ‘जोजो’ शब्दही नव्हता. आधीचे भाग वाचले असतील तर ‘डिएगो ब्रँडो’, ‘झेपेली’ अशी नावं दिसल्यावर जास्त मजा येईल, एवढंच. पहिले काही खंड शर्यतीचे आहेत आणि व्हॅलेंटाइन त्यांत जवळजवळ नाहीच, तेव्हा धीर धरा. ॲनिमेची घोषणा एप्रिल २०२५ मध्ये झाली. तरी नॅपकिनचं भाषण आधी कागदावर वाचा, मग कोणाच्या आवाजात ऐकायचं ते ऐका.